एकाच टिपकागदात

राजापेठ, अमरावती
१२ जानेवारी २०२४

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. रामराव तुला मागायला घरी आला, त्या दिवशीचे दोन्ही फोटो पाठवतो आहे, त्याचा आणि आईचा. सदतीस वर्षांची निगेटिव्ह, एकाच पट्टीवर दोघं. डार्करूममध्ये तासभर वाहत्या पाण्यात धुतलेत, सेलेनियमचं टोनिंग दिलंय. शंभर वर्षं हलणार नाहीत. आईची एक प्रत माझ्या भिंतीवर आहे. तिन्ही प्रिंट एकाच टिपकागदात दाबून वाळवले. लहानपणी डार्करूममध्ये माझ्या हाताखाली होतीस, तेव्हा चुका काढशीलच.

तुझा,
उद्धवदादा

अकोला
२० जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ह्यांचा फोटो पिवळा पडला रे. आधी सदरा, मग गाल. आता डोळे शोधावे लागतात. लग्नानंतर आठ महिन्यांत गेलेला माणूस, एवढाच फोटो. निधीनं बापाला पाहिलंच नाही. दिवाळीत पुण्याहून येईल तेव्हा हातात ठेवायचा, म्हणून तिला सांगितलंही नाही. पुन्हा एक प्रिंट काढून दे, पाया पडते. गुडघ्यांना जप, जिने चढू नकोस.

तुझी,
गोदा

अमरावती
२ ऑगस्ट

गं. भा. गोदावरीस आशीर्वाद.

चूक झालेली नाही. त्याला हायपोतून काढलं आणि न धुताच वाळवलं. फोटो पक्का करणारा हायपो कागदात राहिला की तोच फोटो खातो, तुला ठाऊक आहे. आम्ही नाही म्हटलं तरी त्या हिवरखेडच्या रामरावाबरोबर तू पळून गेलीस आणि आईनं अन्न सोडलं. तीन महिन्यांत गेली. माणूस रोज थोडा थोडा कसा जातो, ते तूही बघ.

पट्टी शेगडीत घातली. आईच्या दोन प्रती माझ्या हातच्या आहेत, मला निगेटिव्ह कशाला हवी? निधीला सांग, बाप असाच पिवळट होता.

कळावे,
उद्धव

अकोला
११ ऑगस्ट

दादा,

बारा वर्षांची असताना न धुतलेला प्रिंट मी चांगल्या प्रिंटशेजारी टिपकागदात ठेवला, म्हणून तू थोबाडीत मारली होतीस. हायपो टिपकागदात उतरतो आणि शेजारच्यालाही खातो, असं ओरडला होतास. मी विसरले नाही. तिन्ही एकत्र वाळवल्याचं जानेवारीत तूच लिहिलं आहेस.

आठ दिवसांपूर्वी माझ्याकडच्या आईच्या पांढऱ्या केसांत डाग उठला. काल कपाळावर आला. उठलेला डाग धुऊन जात नाही, हेही तुझंच. चष्मा लाव आणि भिंतीजवळ जा.

निधी दिवाळीत येईल. तिच्या हातात बापाच्या फोटोऐवजी तुझं पत्र ठेवीन.

लोभ होता. तो आता नसावा.

गोदावरी