चारही टायर एकसारखे

सुमित,

गाडी घेऊन टायरवाल्याकडं चाललेय, तिथनं तशीच शाळेत. तुला उठवलं नाही. भांडायला अंगात त्राण नाही.

तू म्हणतोस ते मऊ रबराचे टायर घेत नाही. तू रेसच्या ट्रॅकवर वर्षातनं दोनदा जातोस, मी मोहोळच्या शाळेत रोज. आपल्या उन्हात ते वर्षभरसुद्धा टिकायचे नाहीत. ओल्या रस्त्यावर पकड धरणारे, मधल्या भावातले घेते, चारही एकसारखे. ट्रॅकवर ह्यांच्यावरच जा. मधनंमधनं गाडी थांबवून टायर गार होऊ दे, लई ताणू नकोस.

मी पुढचेच टायर बघते, हे तुला ठाऊक. म्हणून ट्रॅकवर झिजलेले पुढचे दोन तू गुपचूप मागं बसवलेस. काल पावसात वळणावर गाडी मागनं घसरली. आई शेजारी बसली होती की रे. तिला मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

भाकरी डब्यात आहे, शेंगाचटणी घे.

सकाळी आईला म्हटलं, डोळे दाखवायला सोडते. चप्पल घालता घालता म्हणाली, "नको, रिक्षानं जाते. रिक्षावाल्याला कुत्री लांबनं दिसतात."

ताई