पॅकिंग घरच्या घरी

८ नोव्हेंबर, शनिवार
बाबांची मोटारसायकल तेल गाळतेय. क्लच कव्हरच्या खालून, थेंब थेंब. दोन व्हिडिओ बघितले. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं एक पॅकिंग असतं, तेवढं बदलायचं. सुशिक्षित माणसाला अर्ध्या तासाचं काम.

श्रुतिकाचं लग्न तेवीसला. पाठवणीला नवऱ्यामागे याच गाडीवर बसून जाणार, असा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. शाळा, क्लास, कॉलेज, सगळीकडे बाबांनी तिला याच गाडीवरून सोडलं. मला सोडलं नाही. मी मोठा भाऊ, मी चालत गेलो. असो.

बाबा म्हणाले, गाडी नेव्हिलकडे टाक. हा नेव्हिल रोझारिओ दहावीला माझ्या मागच्या बाकावर होता. माझ्या पेपरात बघून गणितात सुटला, आता चारकोप गावात गॅरेज टाकून बसलाय. त्याने माझ्या घरची गाडी उघडायची? सांगितलं, मी करतो. गंधालीने नुसतं बघितलं. बायकोचा विश्वास असला की बरं वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९
संकल्प: घाई नाही. नवं पॅकिंग आधी आणायचं. काढलेले बोल्ट क्रमाने ठेवायचे.

दुपारी १
पॅकिंग आणायचं राहिलं. बाकी उत्तम. कव्हर काढण्याआधी तेल काढून घ्यायचं असतं, हे व्हिडिओत फारच पुढे सांगतात. जवळजवळ लिटरभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलं. सेक्रेटरी खिडकीतून काहीतरी ओरडले. जुनं पॅकिंग अर्धं इंजिनला, अर्धं कव्हरला चिकटून फाटलं. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं, मग उलथन्याने. ॲल्युमिनियमवर थोडे ओरखडे उठले. ओरखड्यांनी पकड वाढते, असं माझं मत.

उलथनं धुऊन जागेवर ठेवलं. संध्याकाळच्या घावनांना वास येतोय असं सगळे म्हणाले. मला तरी आला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सुट्टी टाकली
दुकानदार म्हणतो, जुनं मॉडेल, पॅकिंग मागवायला चार दिवस. चार दिवस! हाताने कापायचं ठरवलं. कॉर्नफ्लेक्सचा खोका पातळ निघाला, कॅलेंडरचा पुठ्ठा जाड. मग सुचलं, लग्नपत्रिका! चिवट, गुळगुळीत, उघडली की बरोबर कव्हरएवढी. पण छापल्यात मोजून पन्नास, आणि गठ्ठ्यापाशी गंधाली यादी घेऊन बसलेली. देवघरात मात्र एक नुसतीच पडून होती. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं, पुसून घेतलं.

आकार गिरवला, कात्रीने कापला, टोच्याने बोल्टची भोकं पाडली. झकास! खबरदारी म्हणून दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावलं, अख्खी ट्यूब. थोडं बाहेर ओघळलं. आतही ओघळलं असेल, तिथे कोण बघतंय? ट्यूबवर लिहिलंय चोवीस तास वाळू द्या. कंपन्या असं लिहितातच. दहा मिनिटांत तेल भरलं. एका बोल्टचे आटे गेले, पण बाकीचे इतके घट्ट आवळलेत की तो गेला काय, राहिला काय. एक बोल्ट उरला. स्पेअर म्हणून ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
घरात गोंधळ. बाबा आजच्या बसने गावी निघालेत, रवळनाथापुढे पहिली पत्रिका ठेवायला. तीच सापडेना. म्हणे आठवडाभर देवघरात होती, हळदकुंकू लावून.

मीही शोधायला लागलो. कपाट, माळा, रद्दी. सगळे दमले तेव्हा सहज म्हणालो, बाबा, तुम्हीच कुठेतरी ठेवली असणार, वय झालं आता. बाबांनी गठ्ठ्यातली दुसरी घेतली. निघताना तिकीट, चष्मा, पाकीट तीन-तीनदा चाचपत होते.

श्रुतिका म्हणाली, असं कशाला बोललास रे? मी म्हटलं, काळजीपोटी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाबा परत आले. आता सगळं चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजला चिकटवतायत. गोळी घेतली. गॅस बंद केला. किल्ली खिशात. गंधाली म्हणते, लग्न झालं की डॉक्टरला दाखवू, विसरायला लागलेत. मी म्हटलं, बघू.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
ट्रायल. थेंब थेंब गळणं पूर्ण थांबलंय. आता धार लागते. सेक्टरच्या नाक्यापर्यंत गाडी मस्त गेली, मग इंजिन खरखरलं आणि बंद. ढकलत आणली. उजवा बूट तेलात भिजलाय. पेट्रोलमध्ये भेसळ असावी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसातून आलो तर पार्किंग रिकामं. श्रुतिकाने नेव्हिलला फोन करून गाडी टेम्पोत घालून पाठवली. मला विचारलंही नाही. उद्या तो उघडणार म्हणे. मी नसलो तरी चालेल, असं मी दोनदा सुचवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
गेलो. बाबाही आले, श्रुतिकाही.

नेव्हिलने कव्हर उघडलं. तेलाच्या जाळीतून सिलिकॉनच्या शेवया ओढून काढल्या. म्हणाला, अरे सर्वेश, तेलाला जायला जागा तरी ठेवायची ना यार, अजून थोडी चालवली असतीस तर इंजिनची पार वाट लागली असती. मग पॅकिंग सोडवलं, फडक्याने पुसलं आणि मोठ्याने वाचलं. वरच्या कडेला, श्री रवळनाथ प्रसन्न. खालच्या कडेला, आपला विनीत, दशरथ. बाबांच्या नावात मधोमध बोल्टचं भोक. एका कोपऱ्याला हळद अजून होती. नेव्हिल हसायला लागला, पण आमच्याकडे बघून थांबला.

बाबांनी तो तेलकट तुकडा हातात घेतला. कोपऱ्यातल्या हळदीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, मगे मी इसारलंय नाय.

श्रुतिका माझ्याकडे बघत होती. मी पान्यांकडे. लाज वाटली. खरंच वाटली, इथे लिहायला हरकत नाही. माफी मागायची आहे. आज बाबा लवकर झोपले. उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
माफी राहिली. घरात पाहुणे. अशा गोष्टी निवांतपणे बोलायच्या असतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
लग्न झालं. पाठवणीला गाडी एका किकमध्ये सुरू झाली. श्रुतिका नवऱ्यामागे बसली, बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवायची तसंच त्याच्या खांद्यावर ठेवलं. बाबा रडले. मीही. गाडी जिथे उभी होती तिथे वाकून बघितलं. एक थेंब नाही. बाबांनी मला वाकताना बघितलं, तेव्हा बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. माझ्या बुटांना नाडी नाही.

फॅमिली फोटोत बाबांशेजारी फेटा बांधून नेव्हिल आहे. मी तेव्हा रिक्षा शोधत होतो.

घरी आलो. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या बाबांनी सगळ्या काढून टाकल्यात. देवघराच्या दाराला एक नवीन लावलीय, त्यांच्याच अक्षरात: सर्वेशने हात लावू नये.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. चिकटवणार होतो. राहू दिला.