हिरव्या पडद्याआडची खोली

ता. ४ मार्च
चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.
पाचवा महिना लागला आणि मला पत्र आत्ता! दिवसभर दवाखान्यात परक्या पोटांवर हात ठेवायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन एकटीपुरतं शिजवायचं, असं माझं चाललंय. तुझं पत्र चार वेळा वाचलं. बाकी सगळ्या तपासण्या लिहिल्यास, एचआयव्हीची तेवढी गाळलीस. नर्सच्या डोळ्यांत धूळ फेकतेस होय गं?
तुझी ताई

ता. १३ मार्च
ती. ताईस, सा. न.
रागावू नकोस. इथे त्या तपासणीची खोली व्हरांड्याच्या टोकाला, हिरव्या पडद्याआड आहे. तिकडे कुणी वळली की बाकावरच्या साऱ्या माना तिच्यामागे वळतात. मी दोनदा उठले आणि दोनदा पाणी पिऊन परत बसले. शिवाय हे किती साधे; कामावरून दोन महिन्यांनी एकदा घरी येतात. मला काय होणार?
चिमणी

ता. २० मार्च
चि. चिमणीस, आशीर्वाद.
साधेपणा रक्तात दिसत नाही, बाई. आमच्याकडेही पडदा होता, आणि निम्म्या बाया पाणी पिऊनच घरी जायच्या. शेवटी मी त्या तपासणीची पेटी उचलून हिमोग्लोबिनच्या टेबलावर मांडली. आता प्रत्येकीला विचारून एकाच रांगेत सगळं होतं, आणि निकाल त्याच दिवशी, दार लावून. डॉक्टरीणबाई चार दिवस कुरकुरल्या. हे पत्र तुझ्या सिस्टरना दाखव. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बाळाला जपता येतं. उशीर झाल्यावर मी कितीही मोठी मावशी असले तरी काय कामाची?
ताई

ता. ९ एप्रिल
ती. ताईस, सा. न.
सिस्टर आधी फणकारल्या, पण आठवड्याभरात पडदा निघाला. पहिल्याच दिवशी सतरा जणींनी तपासून घेतलं. त्यात मीही होते.
ताई, मला एचआयव्ही आहे. पुन्हा तपासलं, तेच आलं. गोळ्या सुरू झाल्यात; न चुकता घेतल्या तर बाळ सुखरूप राहील अशी मोठी आशा आहे म्हणतात. हे महिनाअखेरीस येतील तेव्हा सांगेन, त्यांनाही तपासायला नेईन. भीती वाटते गं. तोवर घरात मी आणि घड्याळ.
काल बाकावर शेजारची बाई तिच्या उलट्यांचं सांगता सांगता माझ्या खांद्यावर झोपली. कुणाला काही कळलं नाही. आपल्याला हेच तर हवं होतं. तरी सारखं वाटत राहिलं, एका माणसाला तरी कळावं.
लोभ आहे तेवढा राहू दे, कमी मात्र करू नकोस.
चिमणी

ता. १४ एप्रिल
चि. चिमणीस,
मला कळलंय. रजा टाकलीय. मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर तुझ्याशेजारी माझी जागा धरून ठेव.
ताई