चौथं माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार
जमलं! विहारातल्या ध्यानाच्या वर्गात आज शेवटपर्यंत मांडी मोडली नाही. श्वास येतोय, जातोय — आणि मी नुसती बघतेय. इतकी हलकी होऊन घरी आले की दुधाची पिशवी विहारातच राहिली. सुमित कोरा चहा पीत म्हणाला, बाईसाहेब निर्वाणाला पोचल्या वाटतं. नवऱ्यांना काय कळतंय यातलं!

५ नोव्हेंबर, बुधवार
पौर्णिमा. बुद्धघोष सरांनी आज मैत्री भावना शिकवली. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याचं आपल्याला काही देणंघेणं नाही त्याचं. आणि चौथं — ज्याचं तोंड बघवत नाही, त्याचं!

आवडती म्हणजे माझी लेक साक्षी. तिसरी, बाजारात बसणारी भिगवणची मासेवाली. तिचं भलं चिंतताना हसूच आलं — चिलापी तरी स्वस्त देईल!

चौथी अनिता, दुसरं कोण? माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत, पण दोन वर्षं बोलणं नाही. सासूबाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चारचौघांत म्हणाली, मी त्यांना उपाशी ठेवलं. मी! शेवटचे तीन महिने घास भरवले या हातांनी. आणि तीही याच वर्गाला येते, खांबाआड बसते. 'सुखी होवो' म्हणायला गेले तर दातच आवळले.

७ नोव्हेंबर
नाही जमलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
सरांना म्हटलं, चौथं माणूस बदलून द्या. हसले. "बदली मागाया ही काय झेडपीची शाळा हाय व्हय? तीच ऱ्हाऊ द्या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
झालं! झालं! 'अनिता सुखी होवो' — म्हटलं मनात, आणि घशात काही अडकलं नाही. उलट रडूच फुटलं. उद्या तिच्याशी आपणहून बोलणार. मी मोठी आहे, मोठेपणा दाखवायला नको? कधी एकदा उजाडतंय असं झालंय!

१५ नोव्हेंबर, शनिवार
विहाराच्या पायरीवर गाठलं तिला. म्हटलं, अनिता, मी रोज तुझ्यासाठी मैत्री करते, तुला माफ केलंय मी. चपला घालता घालता थांबली.

"ताई, मी बी करते की. माझ्या चौथ्या जागी तुमीच हाय." मग खाली बघून म्हणाली, "मला न्हाय जमलं अजून."