दोर एक मीटर कमी पडला

१६ एप्रिल

आज ब्लाझच्या नाकावर वल्हं बसलं. चुकून. पण फार वाईट वाटलं असंही नाही. सोचा नदीवर आपापल्या एकट्याच्या बोटीतून दोघंही एकाच लाटेवर चढायला गेलो. नवरा असला म्हणून मीच का बाजूला व्हावं? नाकातून रक्त ओघळत असताना म्हणतो कसा, "नेझा, घटस्फोट हवा असेल तर कागदावर दे ना बाई." येर्नेय काठावर पोट धरून हसत होता. आमची भांडणं म्हणजे माझ्या धाकट्या भावाला फुकटचा सिनेमा.

येर्नेयच्या बोटीचं बूच हरवलंय. बोटीत शिरलेलं पाणी काढायला शेपटाला जे भोक असतं ना, त्याचं. नवं रबरी बूच आणायचं सोडून या महाशयांनी वाइनच्या बाटलीचं बूच तासून बसवलंय. वर तापल्या खिळ्याने स्वतःच्या नावाचं अक्षरही डागलंय! बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "बाटली तरी चांगली होती का?"

येर्नेयचं म्हणणं, हे बूच तोंडात धरायला बरं, रबरासारखं मळमळत नाही. बाबांनी लहानपणी आम्हाला पोहण्याआधी हेच शिकवलं. बूच काढलं की थेट दातात. परत लावेपर्यंत तोंड बंद, कोणी काही विचारलं तरी. खोऱ्यातले सगळे असंच करतात. ब्लाझ तेवढा वर पिवळी दोरीही बांधतो, प्रत्येक बुचाला, न चुकता. कारकून व्हायचा तो चुकून नदीवर आला.

१८ एप्रिल

दोन दिवस कडक ऊन. वरचं बर्फ सुटलं. वरच्या घळीतली कोत्लारिका नदी गरजायला लागलीय, आमच्या अंगणात ऐकू येते. वर्षातून जेमतेम दहा दिवस ती बोट घेते, एरवी नुसते दगड. येर्नेयला जेवणही गोड लागत नाहीये.

ब्लाझ म्हणाला, पाणी जास्त आहे, दोन दिवस थांबू. मी म्हटलं, तू थांब.

१९ एप्रिल

उद्या जायचं. ब्लाझही येतोय. तोंड पाडून, पण येतोय.

२० एप्रिल

येर्नेय गेला.

२३ एप्रिल

लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

वरचा टप्पा नीट उतरलो. नीट म्हणजे काय, मार खात उतरलो. कोत्लारिका माणसाला पाण्याने मारत नाही, भिंतींनी मारते. माझा खांदा दोनदा कड्यावर आपटला. येर्नेय एकदा उलटला, सरळ झाला, वर आला तो ओठ फाटलेला आणि हसत. मधल्या सपाट खडकावर थांबलो. त्याच्या बोटीत पाणी शिरलं होतं. तो झुडपामागे गेला, तेवढ्यात मी त्याची बोट कलती करून रिकामी करायला घेतली. त्यावर ब्लाझ म्हणाला, "मालकीणबाई, बोट रिकामी करताय की गाय पिळताय? लवकर आटपा, पाणी चढतंय." पाणी चढतंय! सकाळपासून एकच पालुपद. मी तोंडातलं बूच काढलं आणि त्याला असा झोडपला की कड्यावरून आवाज परत आला. त्याची आई, त्याची भित्री जात, त्याचा पिवळा दोरा, काही सोडलं नाही. येर्नेय परत आला तरी माझं चालूच होतं. तो म्हणाला, "तुमचं होऊ द्या, मी आपला बोटीत बसतो." माझ्या भावाने माझ्या तोंडून शेवटचं ऐकलं ते हे. शिव्या.

तिथून पुढे अर्धा किलोमीटर खळखळाट आणि मग खाटीक. सहा मीटरचा धबधबा. त्याच्याखाली पाणी उलटं फिरतं, जे पडेल ते परत आत ओढतं. ब्लाझ आधी उतरला. त्याने खालच्या खडकावर चढून दोर घेऊन उभं राहायचं, मग येर्नेय, मग मी. असंच ठरलेलं असतं, नेहमीच.

मी वर कडेच्या संथ पाण्यात थांबले होते. ब्लाझ खडकावर दिसला. येर्नेय निघाला. तो वळणावर आला मात्र, आणि ब्लाझने वल्हं डोक्यावर आडवं धरलं. आडवं म्हणजे थांब. आता थांब? येर्नेय प्रवाहात गेला होता! त्याने डावीकडे वळायचा प्रयत्न केला, पूर्ण ताकदीने, मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. बोट वळली नाही. आडवी झाली आणि तशीच आडवी खाटकावरून गेली.

मी कडा धरून खाली पाहिलं. बोट शेपटावर उभी राहिली, आत गेली, परत उभी राहिली, परत आत. मग नुसतं हेल्मेट. ब्लाझने दोर फेकला. एक मीटर कमी पडला. एकच मीटर. येर्नेयचा हात पाण्याबाहेर होता, बोटं उघडी होती, मी पाहिली. ब्लाझने दोर ओढून घेतला, परत फेकला. तोवर हात नव्हता.

अकरा मिनिटांनी नदीने त्याला खाली सोडला. चेहऱ्याची एक बाजू उरली नव्हती. बोट धबधब्याच्या पोटात अडकली ती तिथेच राहिली.

मी ब्लाझला विचारलं, थांब का म्हणालास? त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "दोर तयार नव्हता."

दोर तयार नव्हता.

२५ एप्रिल

पुरला भावाला. पेटी बंद ठेवावी लागली.

नंतर खानावळीत सगळे जेवायला बसले. समोर गोमांसाचा रस्सा. ब्लाझ माझ्या शेजारी बसला, जणू काही झालंच नाही, आणि माझ्या ताटलीत पाव ठेवला. मी वाइनची मातीची सुरई उचलून त्याच्या तोंडावर घातली. दोन दात पडले, एक रश्श्यात. त्याने चमच्याने तो काढला, रुमालात गुंडाळला आणि बाहेर गेला. कोणी मला अडवलं नाही, कोणी त्याच्यामागे गेलंही नाही.

हात अजून दुखतोय. दुखू दे.

२७ एप्रिल

ब्लाझचे कपडे खिडकीतून फेकले. त्याच्या दोन जुन्या बोटी अंगणात ओढल्या आणि करवतीने कापल्या. चार तास लागले. प्लास्टिक सहजी कापत नाही, गरम होऊन पात्याला चिकटतं. बाबा पायरीवर बसून बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जाळू नकोस. घाण वास सुटेल."

तो गावाबाहेर त्याच्या गाडीत झोपतो म्हणे. झोपू दे.

३ मे

ब्लाझच्या गाडीच्या सगळ्या काचा कोणीतरी फोडल्या. मी नव्हे. पण कोणी ते माहीत आहे, आणि आज दुकानात मी त्या माणसाला बियर पाजली.

६ मे

बचाव पथकाचा श्टेफान येऊन गेला. बोट जूनशिवाय काढता येणार नाही म्हणाला, खाटकाखाली माणूस पाठवणं म्हणजे दुसरी पेटी मागवणं. चौकशी व्हायची आहे आणि साक्षीदार मी एकटीच. ब्लाझला नदीवर माणसं न्यायचा परवाना आहे, तो राहील की जाईल ते माझ्या शब्दावर.

जाईल.

१० मे

ब्लाझ एकटा खाटकाखाली गेला. मूर्ख. काल भल्या पहाटे, पाणी थंडीने जरा उतरलेलं असताना. झाडाला दोर बांधून स्वतःला आत सोडला. तीन तास होता. श्टेफानला खबर लागून तो धावला तेव्हा हा बोट ओढत वर येत होता. दोन बरगड्या मोडल्या, उजव्या हाताची नखं गेली. श्टेफान म्हणाला, "मी त्याला कानाखाली मारणार होतो, पण मारायला जागाच नव्हती उरली."

संध्याकाळी त्याने बोट आमच्या दाराशी आणून ठेवली. मी दार उघडलं नाही. खिडकीतून पाहिलं. तोंड सुजलेलं, वाकून उभा. नाटकी माणूस. मेलेल्याची बोट आणली म्हणजे सुटला?

११ मे

श्टेफानने बोट तपासली. कागदावर लिहिलं: कुठे चीर नाही, बूच जागेवर, बोटीत दोष नाही. झालं तर मग. दोष कोणाचा ते उरलंच एक. बोट कोठारात ठेवून वर ताडपत्री टाकली. मी बघितलीही नाही, बाबांनीच केलं सगळं.

१९ मे

सकाळी दोघांपुरती उकड शिजवली, कुट्टूच्या पिठाची, ब्लाझला आवडते तशी डुकराच्या चरबीत. पातेलं भरल्यावर लक्षात आलं. अर्धं कोंबड्यांना टाकलं. मला त्याची आठवण येते आणि मला स्वतःचा राग येतो. लिहिलं, बस.

२८ मे

आज चौकशी झाली. पाच माणसं, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. मी उभी राहून सांगितलं. त्याने थांबायची खूण केली कारण दोर पिशवीतून काढलाच नव्हता. घाईत फेकला म्हणून एक मीटर कमी पडला. हे त्याने मला स्वतः कबूल केलंय. आवाज कापला नाही माझा.

अध्यक्षांनी ब्लाझला विचारलं, काही म्हणायचंय? तो उठला. दातांच्या फटीतून शब्द शीळ घालत येतात आता. "ती म्हणते ते बरोबर आहे."

परवाना गेला. कायमचा.

बाहेर दारात तो मला म्हणाला, "नेझा, जेवतेस ना नीट?" मी त्याच्या मोडक्या बरगड्यांवर गुडघा घातला. तो खाली बसला. मी दुसरा घालणार तेवढ्यात बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "पुरे," म्हणाले. "एक पोरगं गेलं. तुला तुरुंगात बघायचं नाहीये मला."

१ जून

ब्लाझ गेला. पार तिकडे ड्रावा नदीकाठी, लाकूड कापायच्या कारखान्यात. जाताना त्याने माझ्यासाठी काही निरोप ठेवला का म्हणून मी श्टेफानला विचारलं, तर नाही म्हणाला. बरं झालं. निरोप असता तर मी वाचलाच नसता.

खोऱ्यात सगळे मला बघून टोपी काढतात. कोत्लारिका आटली. अंगणात आता काही ऐकू येत नाही.

५ जून

बाबांना खाटकाशी फुलं वाहायची होती. खाली उतरायला म्हणून मी खुंटीवरचं माझं लाइफजॅकेट काढलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गाळाने कडक झालेलं. पुढच्या खिशात काहीतरी टोचलं. वाइनच्या बाटलीचं बूच. तासलेलं, वर डागलेलं अक्षर.

मी तोंडातून काढलं होतं. ब्लाझला शिव्या द्यायला. परत लावलंच नाही.

कोठारात जाऊन ताडपत्री उचलली. बोटीच्या शेपटाला काळं रबरी बूच घट्ट बसवलेलं आहे. पिवळी दोरी बांधलेलं.

म्हणजे त्याने वळणावर येर्नेयची बोट पाहिली. मागून बुडालेली, पाण्याने जड. म्हणून वल्हं आडवं धरलं. दोर तयारच होता.

बाबांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. ब्लाझला फोन लावला. खूप वेळ वाजला. मग करवतीचा आवाज, मग कोणीतरी ती बंद केली.

"सापडलं का?" तो म्हणाला.

बूच माझ्या दातात होतं. मला बोलता आलं नाही. त्याने फोन ठेवला नाही.