आईच्या पांढऱ्या पताका

पारो, मंगळवार

चि. रिन्झिन, ताईचे आशीर्वाद.

आई गेल्यावर आपण डोंगरावर उभारलेल्या एकशे आठ पताका मी काम करते त्या रिसॉर्टने उपटल्या, म्हणून लिहिते.

मालक म्हणाले, "मॅडम, फाटकी फडकी पाहुण्यांच्या फोटोत शोभत नाहीत. रंगीत लावा."

"मेलेल्यांच्या पताका वाऱ्यानेच झिजू द्यायच्या असतात."

"वा! हे पाहुण्यांना सांगा, खूश होतील."

पताका काढायच्या हुकमावर सही माझीच आहे. नोकरी टिकली.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांचा खोकला थांबला का?

घरामागच्या टेकडीवर पाहुणे येत नाहीत. उरलेल्या पताका तिथे लाव.

देकी

ड्रायव्हर उग्येनच्या हाती दिल्या: पताका एकसष्ट. बाकीच्या सत्तेचाळीस पताका पाहुण्यांच्या गाड्या पुसण्यात गेल्या.