कोपऱ्यावरचा गडी

गुरुजी, आज सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो, पण जपात मन लागेना. बोटं मणी ओढत होती आणि डोळ्यांपुढे हुतूतूचं मैदान होतं. शेवटी माळ ठेवली, टोपलीभर राख घेतली आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत रेघा ओढायला गेलो. मंडईची जत्रा आणि तिथले सामने चार दिवसांवर आले आहेत. तुमच्यानंतर गावचा संघ मीच बघतो. माझा मुलगा सहा वर्षं उजव्या कोपऱ्यावर खेळतो. चढाई करणारा परत वळला की झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा, यात त्याचं नाव आहे. पण आता तो दोन लेकरांचा बाप झालाय, अंगाने भरलाय. गेल्या मंडईत दोनदा घोटा हातातून सुटला आणि आपण हरलो. त्याला मधल्या जागेवर आणायला हवं, हे वर्षभर कळत होतं. तोंडातून निघत नव्हतं.

तुम्ही मलाही असंच कोपऱ्यावरून मधात आणलं होतं. कोपऱ्यावरच्या गड्याचं कौतुक मंडईभर होतं. मधला छातीने वाट अडवतो आणि सगळ्यांच्या खाली दबतो, त्याला कोण बघतं? पहिल्याच सामन्यात मी सवयीने घोट्याला वाकलो आणि समोरचा गडी माझ्या पाठीवरून उडी मारून गेला. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "वाकून राह्यला कायले? पाय धराले कोपऱ्यावर दोघं आहेत. वाट अडवाले कोण आहे?" लोक हसले. पुढचे सामने मी खेळलो, पण तुमच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. तुम्ही दोनदा बोलावणं धाडलंत. त्याच उन्हाळ्यात तुम्ही तापाने गेलात.

मुलगा बांधीत आला तेव्हा म्हणालो, "आजपासून तू मधात."

"काऊन?"

"अंग भारी झालं तुझं."

"लोक म्हणतील, पाय गेले याचे."

"म्हणतीलच. मलेही म्हणत होते."

"मंग तुमी काय केलं?"

"गुरुजीसंग बोलणं टाकलं. ते मरून गेले."

"म्हंजे मी बोलणं टाकलं तं तुमी मराल, असं सांगून राह्यले का?"

बाकीचे गडी हसले. तो हसला नाही. राखेची रेघ ओलांडून मधोमध जाऊन उभा राहिला. पहिल्या चढाईला वाकलाच. मी तुमच्यासारखा ओरडणार होतो; जवळ जाऊन हळूच म्हणालो, "उभा राह्य." दुसऱ्या वेळी त्याने चढाई करणाऱ्याची कंबर धरली आणि चौघांच्या खालून राखेने माखून बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी ताटावरही बोलला नाही.

हे पत्र पोथीत ठेवीन, दुसरीकडे कुठे धाडणार? मधली जागाच माझी होती, हे मला दुसऱ्याच सामन्यात कळलं होतं, गुरुजी. तेवढं सांगायला तुमचा ओटा चार घरांवर होता. जेवून मी मंडईवाल्यांकडे गेलो आणि उजव्या कोपऱ्यावर दुसऱ्याचं नाव सांगून आलो.